बसवलं काय ते सगळेच बघतात, काढलं काय ते बघा

माझ्या गाडीतला एक पार्ट काढून भंगारात विकला गेला आणि सात महिने मला त्याचा पत्ता नव्हता. आवाजासाठी गाडीचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे पाइप आणि मफलर) बदलायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने, विशेषतः तरुण मुलांनी, हे काम द्यायच्या आधी वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. गाड्यांचं वेड वडिलांपासूनचं. २०२१ ची बीएमडब्ल्यू एम३४०आय मी वापरलेली घेतली. तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं टर्बो इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर. त्या इंजिनाचा आवाज मला मनापासून आवडतो. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिला अर्धा मिनिट जो खर्ज लागतो, तो ऐकायला मी मुद्दाम काच खाली करायचो. तोच आवाज थोडा मोकळा व्हावा, एवढीच इच्छा होती.

पुण्यातल्या एका गॅरेजचे व्हिडिओ बघून तिथे फोन केला. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. मालक पस्तिशीचा, बोलायला गोड, दर वाक्याला ‘सर’. त्याने तीन कामांचं मिळून चार लाख साठ हजारांचं कोटेशन दिलं. मागचा सगळा एक्झॉस्ट टायटॅनियमचा, युरोपातल्या नामांकित कंपनीचा. पुढे टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपच्या जागी ‘स्पोर्ट्स कॅट’वाला डाउनपाइप. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं ट्यूनिंग, डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) रिपोर्टसकट. ‘सर, कॅट आहेच, त्यामुळे पीयूसीचं टेन्शन नाही,’ हे त्याचं वाक्य मला शब्दशः आठवतं. दोन लाख आगाऊ यूपीआयने दिले, तेही फर्मच्या नव्हे, त्याच्या भावाच्या खात्यावर. उरलेले रोख, ‘जीएसटी वाचेल’ म्हणून. पक्कं बिल नाही, लेटरहेडवर हाताने लिहिलेली पावती. आमच्या धंद्यात गुळाचा रवा (ढेप) फोडून बघितल्याशिवाय मी कधी सौदा केला नाही, आणि इथे काहीही न फोडता, न बघता पैसे मोजून आलो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चार दिवसांनी गाडी मिळाली. मागे निळी-जांभळी झाक असलेली चार तोंडं, त्यांवर कंपनीचा लोगो. आणि एका कोपऱ्यात माझ्या गाडीचा मूळ मफलर, म्हणजे मागचा मोठा डबा, बबल रॅपमध्ये नीट गुंडाळून ठेवलेला. ‘सर, ओरिजिनल जपून ठेवा, गाडी विकताना लागेल.’ दोन पोरांनी तो उचलून डिकीत ठेवला. हा माणूस आपली वस्तू प्रामाणिकपणे परत देतोय, म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. कात्रजच्या बोगद्यात काच खाली करून आवाज ऐकला तेव्हा पैसे वसूल झाले असंच वाटलं.

आता त्या मफलरबद्दल. तो डबा म्हणजे स्टीलचा पत्रा आणि आत आवाज शोषणारं भरण. भंगारात त्याला किलोने भाव. खरी किंमत असते ती पुढे, टर्बोनंतर लगेच, डाउनपाइपमध्येच बसवलेल्या कॅटला. त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा लेप. विषारी वायूंचं रूपांतर हेच धातू करतात. रोडियमचा भाव २०२१ मध्ये सोन्याच्या दहापटीवर गेला होता. जगभर गाड्यांखालून कॅट कापून चोरले जातात ते यासाठीच. भंगारवाले कॅट घेतात तेव्हा वजन नाही, आतली जाळी बघतात. म्हणजे चाळीस रुपये किलोच्या मोलाचं मला सन्मानाने परत मिळालं आणि मोलाचं जे होतं ते गॅरेजमध्येच राहिलं. ‘डाउनपाइप कुठाय?’ हे विचारायचं मला सुचलंच नाही, कारण तो वेगळा सुटा पार्ट असतो हेच तेव्हा मला नीट माहीत नव्हतं.

त्रास महिन्याभरातच सुरू झाला. हायवेवर दोन हजार आरपीएमच्या आसपास गाडीत असा घुमारा धरायचा की साताऱ्यापर्यंत डोकं भणभणायचं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी दोन मिनिटं सुरू ठेवली की कच्च्या पेट्रोलचा वास. मंडळींनी साडीच्या पदराने नाक धरून ‘ही गाडी आत आणू नका’ असं सांगितलं. मी गॅरेजला फोन केला, तर ‘सर, परफॉर्मन्स एक्झॉस्टला थोडा वास असतोच.’ मीही ते मानलं. जूनच्या पहिल्याच पावसात निळ्या तोंडांच्या जोडावर तांबूस रेघा आल्या. टायटॅनियमला गंज कसा चढतो, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

त्याच महिन्यात पीयूसी संपली. सेंटरवरच्या मुलाने नळी लावली, स्क्रीन बघितली, नळी काढून पुन्हा लावली. बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर (इंजिन नुसतं सुरू, गाडी उभी) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. माझ्या गाडीचा ०.८ आला. इंजिन चांगलं तापवून परत घेतलं, तरी तेच. तो खाली वाकून बघत म्हणाला, ‘साहेब, गाडीला कॅट हाय का?’ मी छातीठोकपणे सांगितलं, आहे, स्पोर्ट्स कॅट आहे.

तिथून थेट उद्यमनगर गाठलं. आमच्या उद्यमनगरात फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये हयात घालवलेली माणसं आहेत, धातू नुसता वाजवून ओळखणारी. एका जुन्या मिस्त्रींकडे आमच्या गाड्या वडिलांच्या काळापासून जातात. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि खिशातून एक छोटं चुंबक काढलं. फ्रिजवर लावायचं असतं तसलं, वर अंबाबाईचं चित्र असलेलं. ते त्यांनी पाइपाजवळ नेलं. टक्‌ करून चिकटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. चुंबक काढून पुढच्या पाइपाला, मग मफलरला, मग चारही तोंडांना लावत गेले. प्रत्येक ठिकाणी तोच टक्‌ आवाज.

‘टायटॅनियम म्हनून घेतलासा व्हय, मालक?’

टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. ३०४ ग्रेडच्या चांगल्या स्टेनलेसलाही सहसा चिकटत नाही, फार तर वेल्डिंगजवळ किंचित ओढ जाणवते. म्हणून चुंबक चिकटलं नाही एवढ्यावर टायटॅनियम सिद्ध होत नाही, पण घट्ट चिकटलं तर ते टायटॅनियम नाही हे नक्की. दुसरी खूण वजनाची. टायटॅनियमची घनता घन सेंटिमीटरला साडेचार ग्रॅम, स्टीलची आठच्या जवळ. नवा मफलर बसवण्याआधी एका हाताने उचलून बघितला असता तरी फरक कळला असता. आणि तो निळा रंग? तो म्हणजे धातूवर धरलेली ज्योत. स्टीलही तापवलं की निळं होतं. लोगो तर काट्याने खरवडल्यावर सुटला, मागे गोंद होता.

मग मिस्त्रींनी डाउनपाइपवर रबरी हातोडीने ठोकलं. भरीव ठिकाणी बद्द आवाज यायला हवा, तो घंटेसारखा पोकळ आला. कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर त्यांनी सोडवला. तो थेट पाइपात बसवलेलाच नव्हता, मध्ये बोटाच्या पेरभर लांबीचा पितळी स्पेसर होता. सेन्सर धुराच्या प्रवाहाबाहेर राहावा आणि कॅट ठीक चाललाय असं संगणकाला वाटावं, यासाठीची ती युक्ती. सेन्सरच्या भोकातून वायरचा कॅमेरा आत सोडला. मी मोबाइलच्या स्क्रीनवर बघत होतो. जाळी दिसायला हवी होती तिथे काजळीने काळा झालेला गोल नळ, आणि त्याच्या पलीकडे अंधार. बाहेरून कॅटसारखा फुगीर डबा वेल्ड केलेला, आत काहीच नाही.

पीयूसीवाल्या मुलाला मी छाती ठोकून सांगितलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. सात महिने माझी गाडी गाळण न झालेला धूर सोडत गावातून फिरत होती. शाळा सुटायच्या वेळी रंकाळ्यावरून मी रोज जायचो.

मूळ कॅटमध्ये एका चौरस इंचात साधारण चारशे ते सहाशे छिद्रं असतात, स्पोर्ट्स कॅटमध्ये दोनशे-तीनशे. मला कोटेशनमध्ये दोनशेची लिहून दिली होती. ईसीयूचं ‘ट्यूनिंग’ काय होतं तेही मग उलगडलं. कॅट निकामी झाला की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी०४२० कोड येतो. तो कोड बंद करून ठेवला होता. माझा भाचा मेकॅनिकलला आहे, त्याने ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र लावून बघितलं, तर इतके महिने गाडी चालूनही संगणक स्वतः करतो ती कॅटची चाचणी ‘अपूर्ण’च दाखवत होती. त्यानेच डायनोचा कागद मागितला. ५००० आरपीएमला ५२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ४५२ हॉर्सपॉवर, असं त्यावर छापलं होतं. कॅल्क्युलेटरवर हिशोब करून तो म्हणाला, ‘मामा, हे होऊच शकत नाही.’ टॉर्क गुणिले आरपीएम भागिले सुमारे ७१२० केलं की हॉर्सपॉवर निघते. उत्तर आलं ३६५. टॉर्क आणि ताकद या दोन आकड्यांचं नातं ठरलेलं असतं, कुठलीच गाडी ते मोडू शकत नाही. म्हणजे गाडी डायनोवर चढलीच नव्हती, कागद नुसता टाइप केलेला होता. तुमच्याकडे असा रिपोर्ट असेल तर आत्ताच हा हिशोब करून बघा.

गॅरेजला फोन केला तेव्हा पहिल्या मिनिटात ‘सर’ गेलं. मूळ डाउनपाइप मागितला, तर म्हणाला, ‘पावती वाचा, जुने पार्ट स्क्रॅप असं लिहिलंय.’ खरंच होतं, पावतीच्या तळाशी, बारीक अक्षरात. मी म्हटलं, तक्रार करतो. त्यावर तो अगदी शांतपणे बोलला: ‘करा की. आरटीओला पण सांगा. आधी तुमचीच गाडी जमा होईल.’ मग नंबर ब्लॉक.

या एका वाक्यावर हा धंदा उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आवाज आणि प्रदूषणाच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. पोलीस बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात ते आपण फोटोत बघतो, पण कायदा बुलेटला वेगळा आणि बीएमडब्ल्यूला वेगळा नाही. गिऱ्हाईक स्वतःच अडचणीत असल्यामुळे तोंड उघडणार नाही, हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ते माहीत नव्हतं, आणि माझी चूक मी मान्य करतो.

वकिलांनी मात्र वेगळी बाजू दाखवली. बदल बेकायदा असला तरी मूळ पार्ट माझ्या मालकीचा होता, तो विश्वासाने ताब्यात दिला होता, आणि मला न विचारता त्याची विल्हेवाट लावली गेली. तो फौजदारी विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. टायटॅनियम सांगून लोखंड विकणं ही फसवणूक, कलम ३१८. पण आधी गाडी मूळ स्थितीत आणा, मगच तक्रार, असं त्यांनी बजावलं. नवा डाउनपाइप सर्व्हिस सेंटरमधून मागवला, त्यालाच मूळ कामाच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. ईसीयूला हात लावल्याचं त्यांच्या संगणकात दिसलं आणि इंजिनची एक्सटेंडेड वॉरंटी गेली. मफलर तेवढा घरी होता, तो बसला.

पोलिसांकडे अर्ज दिलाय आणि जिल्हा ग्राहक आयोगातही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत नीट माहिती मिळाली. अडचण पुराव्याची आहे. यूपीआयचे दोन लाख दिसतात, रोख दिलेले दिसत नाहीत. व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन मी जपून ठेवलं होतं, सगळी भिस्त आता त्यावर.

कुठल्याही गॅरेजात एक्झॉस्टचं काम असो, साधी गळती काढायची असो किंवा सेन्सर बदलायचा असो, गाडी सोडण्याआधी खालून फोटो काढा. डाउनपाइपवरचा पार्ट नंबर टिपून ठेवा. काढलेला प्रत्येक तुकडा त्याच दिवशी, तुमच्यासमोर डिकीत गेला पाहिजे, आणि सगळ्यात आधी कॅट मागा. तो द्यायला कुणी टाळाटाळ केली तर गाडी तिथून काढून घ्या.

नवी पीयूसी मिळाली, कार्बन मोनॉक्साइड ०.०२. ते निळे पाइप गोणपाटात बांधून गोडाऊनच्या मागच्या खोलीत ठेवलेत. वर पंचनाम्याची चिठ्ठी आहे, मिस्त्रींची साक्षीदार म्हणून सही आहे. निकाल लागेपर्यंत ते हलवायचे नाहीत, असं वकिलांनी सांगितलंय.