आदिवासी कायद्यात पीएचडी: व्हिक्टोरिया, वायकाटो की गडचिरोली?

एलएलएम झालं, आदिवासींच्या कायद्यावर संशोधन करायचं पक्कं झालं, तर शिष्यवृत्तीचे आकडे बघण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. सरकारने आदिवासींसाठी केलेला कायदा अभ्यासायचाय, की आदिवासी समाजाने स्वतः चालवलेला? आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) पहिल्यात मोडतात. भांडण कोणी मिटवायचं, मुलीला जमिनीत वाटा किती, कुठलं झाड कधी तोडायचं, हे दुसऱ्यात. पहिल्यासाठी निकालपत्रं आणि सरकारी कागद पुष्कळ आहेत. दुसऱ्यासाठी माणसांत बसावं लागतं, आणि तिथेच विद्यापीठाविद्यापीठांतला खरा फरक कळतो.

दुसऱ्या प्रकारात पद्धत शिकायची असेल तर मी डोळे झाकून कॅनडातलं व्हिक्टोरिया विद्यापीठ सांगेन. तिथे २०१८ पासून चार वर्षांचा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम चालतो. कॅनडाचा कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा, आणि तिथल्या मूळनिवासी समाजांचे कायदे, दोन्ही शेजारी शेजारी शिकवले जातात. कायद्याच्या अभ्यासक व्हॅल नेपोलियन यांनी उभारलेलं इंडिजिनस लॉ रिसर्च युनिट तिथेच आहे. त्यांची पद्धत अशी: एखाद्या समाजाची परंपरागत कथा घ्यायची आणि निकालपत्र वाचतो तशी वाचायची: पेच काय होता, ठरवलं कोणी, काय ठरलं, कशाच्या आधारावर? मग हे वाचन त्या समाजातल्या जाणत्यांपुढे ठेवून तपासून घ्यायचं. याला न्यायालयीन पार्श्वभूमीही आहे. डेल्गामूक खटल्यात १९९७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून वजन द्यायला सांगितलं होतं.

अडचण अशी की विषय समाजाच्या संमतीने आणि गरजेने ठरतो. पुण्याहून किंवा नागपूरहून गेलेल्या मुलाने ‘मला गिटक्सान या मूळनिवासी लोकांचा वारसा कायदा अभ्यासायचाय’ म्हटलं, तर आधी ओळख, मग विश्वास, मग परवानगी, यात पहिली दोन वर्षं सहज जातील. माहिती कोणाच्या मालकीची, ती कोण वापरणार, याचे नियम कडक आहेत, आणि ते योग्यच आहेत. शिवाय खर्च मोठा आणि सरकारी शिष्यवृत्त्यांत परदेशी विद्यार्थ्यांना जागा मोजक्या.

पैशाचं गणित न्यूझीलंडमध्ये बरं बसतं. तिथे परदेशी पीएचडी विद्यार्थ्याला स्थानिकांइतकीच फी पडते. वायकाटो विद्यापीठाची कायदा शाखा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच माओरींचा, म्हणजे तिथल्या मूळनिवासींचा, दृष्टिकोन सोबत घेऊन सुरू झाली. विषयांनाही तोटा नाही. व्हांगानुई नदीला २०१७ च्या कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. त्याचा दाखला देत त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला आणि काही महिन्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. भारतीय विद्यार्थ्यासाठी हा तयार पूल आहे. २०२२ च्या एलिस निकालात तर माओरींच्या तिकांगाला, म्हणजे त्यांच्या आचारनियमांना, देशाच्या कॉमन लॉमध्ये स्थान असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

पण तिथे पीएचडी म्हणजे थेट प्रबंध, वर्ग नाहीत. प्रश्न पक्का नसेल तर भरकटायला होतं. माओरी भाषा न शिकता तिकांगावर लिहिणं म्हणजे भाषांतरांवर विसंबणं. आणि २०२४ च्या अखेरीस तिथल्या सरकारने मार्सडेन या मोठ्या संशोधन निधीतून मानव्यविद्या आणि समाजशास्त्रं वगळली, तेव्हा पीएचडीनंतरच्या कामासाठी तिथे फार आशा धरू नका.

ऑस्ट्रेलियाचा विचार मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी करा. मूळनिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य करणारा माबो निकाल (१९९२) आणि त्यानंतरचा त्याच हक्काचा नेटिव्ह टायटल कायदा यांवर तिथे भरपूर काम चालतं.

आता घरचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यावर लिहून झालंय. माझ्या मते सगळ्यात मोकळं रान वारसाहक्काचं आहे. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, म्हणजे प्रश्न रूढीवर येऊन थांबतो. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर स्त्रीला वाटा देणारी रूढी सिद्ध झाली नाही, आणि नाकारणारीही नाही. शेवटी समतेच्या तत्त्वावर वाटा दिला गेला. माडिया, कोरकू, वारली, भिल्ल यांच्यात आज प्रत्यक्ष काय चालतं, हे गावोगाव नीट नोंदवणारा कायद्याचा अभ्यासक कोर्टालाही हवाय आणि त्या बायकांनाही.

जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, त्यात गडचिरोलीत राहून काम होतं. कमतरता मार्गदर्शकांची. आपल्याकडचे कायद्याचे बरेच प्रबंध ग्रंथालयातच सुरू होतात आणि तिथेच संपतात. म्हणून मानवशास्त्रातला सहमार्गदर्शक मिळतो का, हे प्रवेशाआधीच विचारा. कुणी मागो न मागो, ग्रामसभेचा ठराव घेतल्याशिवाय नोंदी सुरू करू नका.

माझा कौल असा: आधी इथे दोन वर्षं भाषा आणि गाव, मग हातात प्रश्न घेऊन व्हिक्टोरियात एलएलएम किंवा पीएचडी. पैशाची ओढाताण असेल तर वायकाटो. तुम्ही स्वतः अनुसूचित जमातीतले असाल तर हिशोब बदलतो. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती वर्षाला फक्त २० जणांना मिळते, पण भारतातल्या पीएचडीसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिप ७५० आहेत. दोन्हींकडे अर्ज टाका.

परत येऊन शिकवायचं असेल तर यूजीसीचा २०१८ चा नियम बघून ठेवा. नेट ही पात्रता परीक्षा न देता सहायक प्राध्यापक व्हायला परदेशी पीएचडी चालते, पण ते विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असावं लागतं.