डीएनएचं नुकसान मोजायचं, तर कोणती चाचणी निवडावी?

रसायनं, धूर, किरणोत्सर्ग किंवा पेशींना मारणारी औषधं रोज हाताळणाऱ्या माणसांच्या आरोग्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. रक्ताच्या नमुन्यावरून डीएनएचं नुकसान मोजता येतं, पण त्यासाठी चार-पाच चाचण्या आहेत आणि सगळ्यांचं वर्णन जवळपास एकाच शब्दांत केलं जातं. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. निवड चुकली, तर आकडा अचूक येऊनही त्याचा उपयोग होत नाही.

बाहेरून काहीच लागलं नाही तरी प्रत्येक पेशीतला डीएनए रोज हजारो ठिकाणी बिघडतो. त्याला पाणी आणि ऑक्सिजनच पुरेसे असतात. तरीही आपण धडधाकट राहतो, कारण दुरुस्ती सतत चालू असते. टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या दुरुस्तीची यंत्रणा उलगडल्याबद्दल. म्हणून नमुना घेताना पेशीत जे नुकसान दिसतं, ती वजाबाकी असते: झालेलं नुकसान, वजा भरून निघालेलं. पुढची सगळी तुलना या वजाबाकीवर उभी आहे.

खरी निवड बहुतेक वेळा कॉमेट आणि मायक्रोन्यूक्लियस या दोघींतच असते.

कॉमेट चाचणीत पेशी अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात बसवतात. मीठ आणि डिटर्जंटच्या द्रावणाने त्यांचं आवरण आणि प्रथिनं विरघळवतात, मग तीव्र अल्कधर्मी द्रावणात ठेवून विजेचा प्रवाह सोडतात. डीएनए अखंड असेल तर तो जागेवर गोल राहतो. तुटलेला असेल तर धनाग्राकडे ओढला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोकं आणि शेपूट असं चित्र दिसतं. शेपटीत किती टक्के डीएनए गेला, हा आकडा. अल्कधर्मी पद्धत 1988 पासून वापरात आहे. हिची सोय मोठी आहे: रक्ताचे काही थेंब पुरतात, पेशी वाढवाव्या लागत नाहीत, नीट गोठवलेलं रक्तही चालतं. एफपीजी हे एन्झाइम वापरलं तर ऑक्सिडेशनने बिघडलेले बेस, म्हणजे डीएनएची अक्षरंही मोजता येतात.

पण ही चाचणी हळवी आहे. नमुना हाताळताना खोलीतल्या प्रखर उजेडानेही नवे तुकडे पडू शकतात, म्हणून काम थंडाव्यात आणि मंद प्रकाशात करतात. शिवाय डीएनएच्या दोनपैकी एकाच पदरात पडलेले साधे, एकपदरी तुकडे काही मिनिटांत ते तासाभरात जुळून जातात. नमुना सकाळी कामाआधी घेतला की संध्याकाळी कामानंतर, यावर निकाल बदलतो. माझ्या मते नमुन्याची वेळ सगळ्यांसाठी सारखी ठेवता येत नसेल, तर कॉमेट करूच नये.

मायक्रोन्यूक्लियस चाचणी उलट्या टोकाची. तिच्यात दुरुस्तीतून निसटलेलं, कायमचं झालेलं नुकसान दिसतं. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी तीन दिवस वाढवतात आणि मध्येच सायटोकॅलॅसिन-बी हे रसायन घालतात, त्यामुळे केंद्रक दोन होतात पण पेशी विभागत नाही. अशा दोन केंद्रकांच्या पेशीत शेजारी तिसरा छोटासा गोल दिसला, तर तो मायक्रोन्यूक्लियस: गुणसूत्राचा मागे राहिलेला तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र असतं. त्याचा व्यास मुख्य केंद्रकाच्या एक-तृतीयांशाहून कमी हवा आणि तो केंद्रकाला जोडलेला नसावा. हे नियम पाळले नाहीत तर दोन निरीक्षकांचे आकडे जुळत नाहीत. एका नमुन्यात साधारण 1000 ते 2000 पेशी पाहाव्या लागतात. काम कष्टाचं आहे आणि जिवंत, विभागणाऱ्या पेशींशिवाय होत नाही.

मग तिच्या वाटेला का जायचं? कारण पुढच्या आजाराशी संबंधाचा पुरावा हिचाच अधिक जुना आणि भक्कम आहे. 2007 मध्ये दहा देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दिसलं, की मायक्रोन्यूक्लियस जास्त असलेल्या गटात पुढे कर्करोगाचं प्रमाण अधिक होतं. कॉमेटबद्दल असा मोठा एकत्रित अभ्यास 2021 मध्ये आला. मात्र मायक्रोन्यूक्लियसचा आकडा वयानुसार वाढतो, स्त्रियांमध्ये जास्त असतो आणि फोलेट हे बी-जीवनसत्त्व कमी पडलं तरी चढतो. तुलनेचा गट वय, लिंग आणि आहार पाहून निवडला नाही, तर दोष रसायनाला लागेल आणि कारण असेल फोलेटची कमतरता.

किरणोत्सर्गाचा अपघात असेल तर हा वाद घालत बसू नये. किती मात्रा लागली हे ठरवायला डायसेंट्रिक, म्हणजे तुटून चुकीचं जुळल्याने दोन मध्यबिंदू (सेंट्रोमियर) आलेल्या गुणसूत्रांची मोजणी हीच प्रमाण पद्धत मानली जाते. गॅमा-एच-टू-एएक्स या प्रथिनाचे ठिपके दुपदरी तुकड्यांपाशी काही मिनिटांत उमटतात, पण दिवसभरात बहुतेक विरतात. रक्त लगेच मिळालं तरच त्यांचा उपयोग.

लघवीतलं 8-ऑक्सो-डीजी, म्हणजे ऑक्सिडेशनने बिघडलेला डीएनएचा घटक, मोजणं सर्वांत सोपं वाटतं, सुई टोचावी लागत नाही. मी मात्र ते एकटं कधीच सुचवणार नाही. आकडा वाढला तर नुकसान वाढलं की दुरुस्ती जोरात आहे, हे त्यावरून कळत नाही. डीएनएत अजून न बसलेल्या सुट्या घटकांच्या सफाईतूनही ते येतं. मोजायचंच तर रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजावं. अँटिबॉडीवर चालणारे तयार किट इतर रेणूंनाही पकडतात आणि आकडा फुगतो.

दुरुस्ती थेट मोजता येते का? येते, आणि जमत असेल तर जरूर मोजावी. एक पद्धत अशी: पेशींना बर्फावर हायड्रोजन पेरॉक्साइड द्यायचं, मग 37 अंशांवर ठेवून ठरावीक मिनिटांनी कॉमेट करत शेपूट किती लवकर आखडते ते पाहायचं. दुसऱ्या पद्धतीत माणसाच्या पेशींचा अर्क काढून तो आधीच बिघडवलेल्या डीएनएवर सोडतात आणि अर्कातली एन्झाइमं बिघाडापाशी किती काप घालतात ते मोजतात. पहिलीत एकपदरी तुकड्यांची जुळणी दिसते, दुसरीत बिघाड ओळखून काप घालण्याची सुरुवातीची पायरी. म्हणून "तुमची दुरुस्तीक्षमता अमुक टक्के" असा एकच आकडा कोणी देत असेल, तर कोणत्या मार्गाची दुरुस्ती, हे आधी विचारा.

एकट्या निरोगी माणसाने स्वतःपुरता यातला आकडा विकत घ्यावा का? माझं उत्तर नाही असंच आहे. या चाचण्या गटांची तुलना करतात. एका व्यक्तीचा आकडा दिवसागणिक आणि प्रयोगशाळेगणिक हलतो, आणि त्यावरून कोणता उपचार करायचा हेही ठरलेलं नाही.

अपवाद आहे तो दुरुस्तीचे आनुवंशिक आजार असलेल्या घरांचा. फॅन्कोनी अ‍ॅनिमियाची शंका असलेल्या मुलाच्या पेशींना डायइपॉक्सिब्युटेन किंवा मायटोमायसिन-सी ही डीएनएचे दोन पदर एकमेकांना जखडणारी रसायनं देऊन गुणसूत्रं किती तुटतात ते पाहतात, आणि तिथे निकालावर उपचार ठरतो. अशा मुलाला अस्थिमज्जा रोपणाआधीच्या औषधांची नेहमीची मात्रा झेपत नाही, ती कमी करावी लागते. भाऊ किंवा बहीण दाता होणार असेल, तर त्यांचीही हीच चाचणी आधी करून घेतात, कारण तोच आजार त्यांच्यातही अजून लक्षणं न दाखवता असू शकतो.