लेझर क्लॅडिंग: ऑटो की हाताने? सगळा घोळ एका काचेचा

लेझर क्लॅडिंग म्हणजे झिजलेल्या भागावर लेझरने धातू वितळवून नवा थर चढवणं. आमच्या ऑटो मशीनच्या हेडमधली कव्हर ग्लास (लेन्सला उडत्या थेंबांपासून वाचवणारी काच) पुन्हा तडकली आणि सर्व्हिसवाल्यांनी ‘कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात झटकले. तेव्हा आधी काचेबद्दलच.

ऑटोमध्ये धातूची पावडर सोडणारं नोझल जॉबपासून (ज्या भागावर काम चाललंय त्यापासून) जेमतेम १२-१५ मिमीवर असतं. पावडर ओलसर असली किंवा जॉबवर तेल राहिलं की पूल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, उडतो आणि थेंब सरळ काचेवर. सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका पुरतो. तिथे काच तापते, जॉबवर पॉवर कमी पोचते, फोकस सरकतो आणि बीडच्या (चढवलेल्या धातूच्या पट्टीच्या) कडेला बाँडिंग सुटतं. ऑपरेटर पॉवर वाढवतो, काच फुटते. पावडर आधी ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास वाळवली तर निम्मा त्रास कमी. काच बदलताना ब्लोअर बंद, हेड आडवं, काच काढताच तोंडावर टेप. कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको, त्यात तेल असतं. सील रिंग कापलेली असेल तर धूर वरच्या फोकस लेन्सपर्यंत जातो, आणि ती लेन्स काचेच्या भावात येत नाही!

हाताच्या पल्स मशीनला (हे लेझर सलग न सोडता ठोक्याठोक्याने सोडतं) हे दुखणं जवळपास नाही. लेन्स लांब असते. वेल्डर मायक्रोस्कोपमधून बघत ०.३ ते ०.५ मिमीची वायर देतो. डायच्या (साच्याच्या) दोन भागांच्या जोडावरच्या पार्टिंग लाइनचा कोपरा, तयार वस्तू ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनच्या भोकाची कड अशा कामात त्याला तोड नाही. फक्त पल्स एकमेकांवर ७० टक्के तरी चढले पाहिजेत, नाहीतर पॉलिश करताना पिनहोल उघडे पडतात. दुपारनंतर हात थकला की हेच होतं. ऑटो आल्यावर हे मशीन विकावं असं मत होतं, आता नाही. एक कोपरा भरायला ऑटोवर प्रोग्राम आणि सेटिंगमध्ये जितका वेळ जातो, तितक्यात हाताने काम उरकतं.

शाफ्टवर मात्र हाताने करणं म्हणजे मजुरी जाळणं. स्टेलाइट ६ (कोबाल्टचा कठीण मिश्रधातू), ५०-१५० मायक्रॉन पावडर, ५० टक्के ओव्हरलॅप, पासला साधारण १ मिमी थर: ऑटो हे न कंटाळता करतं, डायल्युशनही (मूळ धातू थरात मिसळण्याचं प्रमाण) ५-१० टक्क्यांत राहतं. जुनं हार्ड क्रोम प्लेटिंग मात्र आधी लेथवर पूर्ण टर्न करून काढा. उरलं तर तडे आणि ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) ठरलेले. बारीक शाफ्ट शेवटाकडे तापत जातो, पूल पसरतो. तिथे पॉवर थोडी उतरवा किंवा मध्ये थांबा. की-वेमध्ये (शाफ्टवरच्या चावीच्या खाचेत) तांब्याची पट्टी बसवा, नाहीतर कडा वितळून जातात. पूलमध्ये न गेलेली पावडर खाली सांडते, तिचा हिशेब जॉबच्या दरात धरा.

कोटेशन घेताना काच, सील रिंग आणि नोझल टिप यांचे दर लेखी मागा. आमच्या कोटेशनमध्ये तो रकाना कोराच होता.