लेबर केअर गाइड : बाळंतपणातल्या काळजीचा दर्जा या कागदावरून कितपत मोजता येतो?

पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाची प्रगती नोंदवण्याच्या जुन्या आलेखावर, हात बसलेल्यांना लेबर केअर गाइडचा हा कागद आधी खटकतो, कारण यावर तिरक्या रेघाच नाहीत. जुन्या आलेखात गर्भाशयाचं तोंड 4 सेंमी उघडल्यापासून पुढे तासाला 1 सेंमी या हिशेबाने इशाऱ्याची रेघ आणि तिच्या उजवीकडे 4 तासांवर कृतीची रेघ असायची. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2020 मध्ये आणलेल्या या गाइडने दोन्ही काढून टाकल्या. सक्रिय अवस्था, म्हणजे तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा, आता 5 सेंमीपासून धरायची. तोंड पुढे उघडलं नाही, तर इशारा कधी मानायचा याची मुदत प्रत्येक सेंमीला वेगळी: 5 ला 6 तास, 6 ला 5, 7 ला 3, 8 ला अडीच, 9 ला 2. हे बरंच झालं. सगळं सुरळीत असूनही तासाला 1 सेंमी या चालीने न उघडणाऱ्या बायका कितीतरी असतात, आणि रेघ ओलांडली की ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध) लावायची घाई व्हायची.

दर्जा मोजणाऱ्याच्या दृष्टीने खरी कमाई मात्र वरच्या चार ओळींत आहे: सोबतीला माणूस, वेदनाशमन, तोंडाने पाणी-पेय, आणि बाई उताणी आहे की हिंडती-फिरती. मिडवाइफचं निम्मं काम याच गोष्टींत असतं, पण त्यांची नोंद कुठे राहत नसे. पहिल्या तिन्हींना ‘हो’, ‘नाही’ आणि ‘तिने नाकारलं’ अशी तीन उत्तरं आहेत. ‘नाही’ हा इशारा, ‘नाकारलं’ हा नाही. हा फरक बारीक आहे, पण मोलाचा. टक्केवारी काढताना ही दोन उत्तरं एकत्र केली, तर बाईची निवड आणि विभागाची हयगय एकाच आकड्यात मिसळते. ‘नाकारलं’ फार दिसू लागलं तर तिला विचारलं तरी होतं का, हे बाळंतिणीकडूनच जाणून घ्यावं.

तपासणीसाठी महिन्यातले सलग 20 कागद घ्या. निवडून घेतलेले नकोत. बाळाचे ठोके पहिल्या अवस्थेत, म्हणजे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, दर 30 मिनिटांनी बघायचे, म्हणजे 6 तासांत 12 नोंदी हव्यात. त्या मोजा. मग इशाऱ्यात येणारे आकडे शोधा: ठोके 110 च्या खाली किंवा 160 व त्यावर, वरचा रक्तदाब 140 व त्यावर, 10 मिनिटांत 2 किंवा त्याहून कमी कळा, अथवा 5 हून जास्त. अशा आकड्याभोवती गोल करायचा असतो; तो आहे का? त्याच उभ्या रकान्यात खाली मूल्यमापन आणि पुढची योजना लिहिली आहे का? गोल आहे आणि योजना नाही, असा कागद सर्वांत बोलका. धोका दिसला, पण पुढे काय केलं याचा पत्ता नाही.

फसगत होते ती उशिरा भरलेल्या कागदांमुळे. 140, 140, 142, 140 अशी ठोक्यांची रांग, सगळे आकडे सम, एकाच पेनाने एकाच दमात लिहिलेले: हा कागद बहुधा बाळंतपणानंतर बसून भरलेला असतो. असे कागद ‘पूर्ण’ म्हणून मोजले की विभाग कागदावर चकाचक दिसतो. म्हणून नुसत्या पूर्णतेच्या टक्क्याला आम्ही फारसं महत्त्व देणार नाही. चालू बाळंतपणात अचानक जाऊन शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वीची आहे हे बघणं जास्त खात्रीचं.

उणिवाही आहेत. 5 सेंमीच्या आधीचे ताटकळलेले तास या कागदावर येतच नाहीत. बाळ झाल्यावरचा रक्तस्रावही नाही. तो वेगळा नोंदवावा, आणि नुसत्या नजरेने नव्हे तर खुणा असलेल्या पिशवीत मोजून, कारण नजरेचा अंदाज बहुधा कमीच निघतो. बोलणं-वागणं कसं होतं, हे तर बाळंतिणीशी बोलल्याशिवाय कळणार नाही.

एका कागदावर पहिल्या अवस्थेचे 12 तास आणि दुसरीचे (तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ होईपर्यंतचे) 3 तास मावतात. त्यापुढे नवा कागद जोडावा लागतो, आणि कर्मचाऱ्यांची ड्यूटी बदलताना तोच गहाळ होण्याची भीती असते. जोडण्याआधीच दोन्हींवर नाव व नोंदणी क्रमांक लिहून टाकावा.