“येताना कुंदा आणा हं, दादा”

बेळगावच्या शहापुरातल्या एका पतसंस्थेत मी 22 वर्षं कॅशियर आहे. चेकवरची सही जराशी हलली तरी माझं बोट थांबतं. आणि याच बोटानं यंदाच्या मे महिन्यात मी 27,500 रुपये एका कधीही न पाहिलेल्या माणसाला तीन वेळा करून पाठवले. घरचे म्हणतात, गावभर कशाला सांगत सुटलास. पण सुट्टी लागली की अर्धं बेळगाव वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागतं, म्हणून सांगतो.

बाबांना 75 वर्षं झाली. वेंगुर्ल्याकडच्या आरवलीच्या वेतोबाला ते लहानपणी आजोबांबरोबर गेले होते. देवाला वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चामडी चपला अजून त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. “एकदा केळ्यांचा घड घेऊन जाऊन येऊ की रे,” हे दरवर्षीचं. यंदा ठरवलंच. आम्ही अकरा माणसं, त्यात दोन लहान पोरं आणि आत्याचे गुडघे. हॉटेलात चार खोल्या घेऊन चार दिशांना झोपण्यापेक्षा एक अख्खं घर तीन दिवस घ्यावं, स्वयंपाक आपला आपण करावा, असा बेत.

पुतण्याला फेसबुकवर शिरोड्याजवळचं एक घर सापडलं. कौलारू, पुढं सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन, मागं माड, समुद्र चालत पाच मिनिटांवर. भाडं दिवसाला 7,500. बाकीच्या ठिकाणी नऊ-दहा हजार सांगत होते. दोन हजार सांगितले असते तर मी तो फोनच केला नसता. थोडंसंच स्वस्त ठेवण्यात त्याचं शहाणपण होतं.

आधी ज्या दोन ठिकाणी फोन केले तिथं हिंदीत तुटक उत्तरं मिळाली. हा मात्र पहिल्याच वाक्याला म्हणाला, “बेळगाव? अहो, आमची मावशी खानापुरात दिलीय! तुम्ही शहापुरात कुठं, कपिलेश्वराच्या बाजूला काय?” मग आंबोलीत धुकं असतं, गाडी जपून चालवा. आजींना कोकमकढी चालते ना? बोलता बोलता मध्येच मालवणी हेल. आणि फोन ठेवताना, “येताना अर्धा किलो कुंदा आणा हं, दादा. पैसे देतो मी.”

आमच्या बेळगावच्या मिठाईनं, या कुंद्यानं माझा निकाल लावला. फसवणारा माणूस कुंदा कशाला मागेल? सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कचेरीतला अर्ज, बसवरची पाटी, लाइटचं बिल, दिवसभर सगळं कन्नडात वाचून आलेल्या माणसाची पलीकडून कुणी मराठीत मायेनं चौकशी केली की तो आपोआप सैल पडतो. त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

10,000 ॲडव्हान्स मागितला. यूपीआयवर नंबर टाकला तर स्क्रीनवर भलतंच नाव आलं, आडनावही आपल्याकडचं नाही. विचारलं तर म्हणाला, “कामगाराचं खातं आहे, माझ्या बँकेचं केवायसी अडकलंय.” काउंटरवर मी रोज लोकांना सांगतो, पैसे कुणाच्या नावावर जातायत ते आधी बघा. स्वतःच्या वेळी बघितलं, वाचलं आणि पाठवले. वर त्यानं स्वतःहून आपलं म्हणून एक आधार कार्ड पाठवलं, कुडाळचा पत्ता, साठीतले गृहस्थ. फोनवरचा आवाज तिशीतला होता. तेही लक्षात आलं होतं, पण वडिलांच्या नावावर घर असेल असं मीच त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. मग त्यानं आमच्या सगळ्या मोठ्या माणसांची आधार कार्डं मागितली, पोलिसांच्या रजिस्टरला लागतात म्हणून. हॉटेलवाले मागतातच. पाठवली.

निघालो त्या दिवशी आंबोलीत चहाला थांबलो होतो. त्याचा फोन आला. किल्ली गड्याकडं आहे, उरलेले 12,500 टाका, म्हणजे तो घर उघडून झाडून ठेवतो. बायको म्हणाली, पोचल्यावर देऊ. मी तिलाच म्हणालो, बिचारा एवढं करतोय! सावंतवाडी सोडली आणि पुन्हा फोन. मालकीणबाई म्हणतायत पोरं आहेत, तोडफोडीचं 5,000 डिपॉझिट हवं, जाताना परत. टेम्पो ट्रॅव्हलर आजगावच्या वळणांवर हेलकावे खात होती, मागं पोरगी ओकत होती, तिला पिशवी देत देत मी पिन दाबला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

त्यानं पाठवलेलं लोकेशन मात्र अचूक होतं. तेच घर, तेच वृंदावन. अंगणात एक काकू सुपात कोकमं वाळत घालत होत्या. आम्हाला सामानासकट उतरताना बघून त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “तुमी तिसरे.”

मला आधी कळेनाच. “ह्यां घर आमी भाड्यान देणव नाय,” त्या म्हणाल्या. आधी कोल्हापूरची माणसं येऊन गेली, मग गडहिंग्लजची. फोटो त्यांच्याच मुंबईतल्या भाच्यानं गणपतीत काढून टाकलेले. तेव्हा पुतण्यानं फोनवरचा फोटो पुन्हा मोठा करून दाखवला. माजघराच्या एका कोपऱ्यात माटवी, म्हणजे गणपतीवर बांधतात ती फळांची चौकट, टांगलेली, काकड्या, सुपाऱ्या, नारळ लोंबतायत. चतुर्थीतली माटवी! मेमध्ये भाड्यानं देण्याच्या घरात ती कशाला असेल? आम्ही तो फोटो घरी दहा वेळा बघितला होता, आत्यानं तर “किती छान सजवलंय” म्हटलं होतं.

पुतण्यानं तिथंच ओट्यावर बसून 1930 ला फोन लावला. आर्थिक फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे हा. तिथं काय विचारतात ते आधीच काढून ठेवा: तुमची बँक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक. आमची तो शोधण्यातच वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटंच महागात पडतात, कारण पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात पळत असतात आणि पळायच्या आत अडवले तरच हाती लागतात. शेवटचे 5,000 कुठल्या तरी खात्यात गोठवले गेले. ते सोडवायची प्रक्रिया चालू आहे. बाकीचे गेले. बाबा ओट्यावरून म्हणाले, “1930? मिठाचा सत्याग्रह रे. इथंच शिरोड्यात झाला त्याच साली.” नंबर लक्षात ठेवायला आम्हाला एवढं पुरलं.

कुंद्याचा डबा बायकोनं काकूंच्या हातात दिला. त्या घेईनात, मग घेतला. त्यांनीच आरवलीला त्यांच्या चुलत दिराकडं दोन खोल्या आणि पडवी मिळवून दिली. ॲडव्हान्स विचारला तर ते म्हणाले, इलास मा, मगे जाताना देया. वेतोबाचं दर्शन झालं, घडही वाहिला.

बेळगावात परतल्यावर लेखी तक्रार द्यायची होती. फोन आमचा कर्नाटकातला, घर महाराष्ट्रात, पैसे तिसऱ्याच राज्यातल्या खात्यात. हद्दीचा प्रश्न निघेल म्हणून मी धास्तावलो होतो. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, हे एका वकील मित्रानं सांगितलं. तक्रार कन्नडात दिली तर काम लवकर होईल म्हणून गल्लीतल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडं गेलो. त्यांनी दोन संध्याकाळी बसून चार पानं लिहून दिली, कागदाचेही पैसे घेतले नाहीत. मधेच चष्म्यावरून बघत म्हणाले, “एन्री, नीवू क्याशियर अल्लेन्री?” म्हणजे, काय हो, तुम्ही कॅशियर ना? मी मान खाली घातली.

आता कुणी घर बघतोय म्हटलं की मी आधी विचारतो, व्हिडिओ कॉल केलास का? फाटकापासून समुद्रापर्यंत फोन हातात धरून चालत दाखव म्हणायचं. ज्याचं घर आहे तो दाखवतो, ज्याचं नाही त्याचं नेटवर्क जातं. त्याच गल्लीतल्या किराणा दुकानाचा नंबर नकाशावर मिळतो, त्याला विचारायचं, अमक्याचं घर भाड्यानं देतात का हो? आणि नाव जुळत नसेल तर रुपयासुद्धा नाही, मावशी खानापुरात दिलेली असो की कपिलेश्वराच्या दारात.

राहून राहून टोचतात ती आधार कार्डं. पैसे गेले ते गेले. आधारच्या साइटवर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, ते पाठवलं असतं तरी चाललं असतं. आता सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक केलंय. पण कुडाळचे ते साठीतले गृहस्थ माझ्या फोनमध्ये अजून आहेत. तेही कधीतरी घर शोधायला निघालेले असणार आणि त्यांनीही कार्ड पाठवलेलं असणार. मग आमची कार्डं आता कुणाला दाखवली जात असतील? हे मी जेवताना बोललो, तर सगळे गप्प झाले. बाबांनी भाताचं आळं करून त्यात आमटी ओतली आणि म्हणाले, “म्हणजे मी आता शिरोड्यात घरमालक झालो म्हण की.”