गोदामातील फेस मशीन: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पडघ्याच्या बाजूला ज्या गोदामात मी पिकिंग आणि पॅकिंगचे काम करते, तेथे फेब्रुवारी २०२५ मध्ये हजेरीचे जुने अंगठा मशीन काढून चेहरा ओळखणारे मशीन बसवण्यात आले. मार्चमध्ये, होळीच्या सुमारास, मी या मशीनबद्दल चार चांगल्या ओळी लिहिल्या होत्या आणि त्या मनापासून लिहिल्या होत्या. १८ जूनच्या संध्याकाळी आमच्या पाळीतल्या ४१ जणांचा अर्धा दिवस या मशीनने खाल्ला, असे आम्हा सर्वांना वाटले, आणि तेव्हापासून मी त्याच्या मागे लागले. या काळात माझे मत दोनदा फिरले, म्हणून जे घडले ते त्याच क्रमाने लिहिते.

आधी चांगले ते सांगते, कारण ते आजही खरे आहे. दिवसभर खोकी उचलून आणि चिकटपट्टी ओढून बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजतात. जुन्या मशीनवर माझा अंगठा चार-चार वेळा लागत नसे, मागच्या बायका खोळंबून राहत आणि तेवढ्यात घड्याळ पुढे सरकलेले असे. नवे मशीन डोक्यावरून ओढणी असली, पावसाने चेहरा ओला असला, सकाळचा उजेड मंद असला, तरी एका क्षणात ओळखते. पंच, म्हणजे हजेरीची नोंद, झाला की पडद्यावर नाव, कार्ड नंबर आणि वेळ असे तिन्ही दोन-तीन सेकंद दिसते. ही दोन-तीन सेकंदे पुढे माझ्या फार कामी आली.

मशीनच्या जोडीला, आम्हाला कामावर ठेवणाऱ्या कंत्राटदाराने आमच्या मोबाइलमध्ये हजेरीचे एक ॲप घालून दिले. त्यात आपला रोजचा पंच दिसत नाही. दिसतात ते फक्त भरलेले तास, आणि तेही पाव तासाच्या मापात. सुरुवातीला मला हे सोयीचे वाटले. माझा दर आठ तासांच्या हजेरीला ५२० रुपये, म्हणजे तासाला ६५ रुपये. मार्चचा पगार ७ एप्रिलला हातात आला तेव्हा माझ्या अंदाजापेक्षा तो हजाराहून अधिक रुपयांनी कमी होता. मी सुपरवायझर दादांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, मी काय करू? मशीनमधून जे येते तेच ऑफिसात जाते."

माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. त्यांची मजुरी १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळामार्फत येत असे, टोळीचा हिशेब मुकादम ठेवत असे, आणि तरीही वडील स्वतःची हजेरीची वही वेगळी लिहीत. स्लिप पाहून ते एवढेच म्हणाले, "वही घाल, आणि आजचे आजच लिही." दुसऱ्या दिवशी, ८ एप्रिलला, मी वीस रुपयांची वही घेतली. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्याचे मनगटी घड्याळ रोज रात्री मोबाइलशी जुळवून ठेवू लागले. पंच करताना पडद्यावरची वेळ आणि माझ्या घड्याळातली वेळ या दोन्ही खोक्याच्या तुकड्यावर लिहायच्या आणि घरी येऊन वहीत उतरवायच्या, असा नेम ठेवला.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की मशीन सहा मिनिटे पुढे आहे. सहा मिनिटे म्हणजे किरकोळ, असे म्हणणाऱ्यांसाठी ती नेमकी काय करतात ते सविस्तर सांगते. पाळी सकाळी ८ ला सुरू होते. मी ७.४० ला फाटकाशी असते, पण झडतीची रांग संपवून मशीनसमोर यायला ७.५६ होतात. पडद्यावर त्या वेळी ८.०२ दिसतात. ॲप ही वेळ पुढच्या पाव तासावर नेते, म्हणजे माझे काम ८.१५ ला सुरू झाले असे धरते आणि शिवाय एक लेट मार्क लावते. तीन लेट मार्क झाले की हाफ डे कापायचा, हा कंत्राटदाराचा नियम. आता तेच पुढे असलेले घड्याळ संध्याकाळी सुटताना आमच्या बाजूने असायला हवे, पण तसे होत नाही, कारण सुटण्याची वेळ ॲप मागच्या पाव तासावर आणते. खरे ५.०० वाजता मशीनवर ५.०६ दिसतात आणि ॲपमध्ये पुन्हा ५.०० होतात. सकाळची सहा मिनिटे आमच्याकडून जातात आणि संध्याकाळची सहा आम्हाला मिळत नाहीत.

मे महिन्याचा हिशेब माझ्या वहीत पूर्ण आहे. सात लेट मार्क, आणि त्या सातही दिवशी मी माझ्या घड्याळाने ८ च्या आत मशीनसमोर होते. सहा लेट मार्कांचे दोन हाफ डे, म्हणजे ५२० रुपये. पाव तासाचे सव्वासोळा रुपये, असे सात वेळा, म्हणजे ११३ रुपये ७५ पैसे. ज्या २२ दिवशी ओटी, म्हणजे पाळीनंतरचे जादा काम, केली, त्या दिवशी शेवटची ट्रॉली रिकामी केल्याशिवाय पंच करू देत नसत, त्यामुळे मशीनवर ७ च्या पुढे दहा-बारा मिनिटे होत आणि ॲप ती सोडून देई; अशी २४२ मिनिटे झाली. यात सुटल्यानंतरच्या झडतीची रांग मी धरलेली नाही, कारण ती पंचाच्या पलीकडे असते आणि तिची नोंद कोणत्याच मशीनमध्ये होत नाही. ट्रक लागला की जेवणाच्या सुट्टीतून पस्तीस मिनिटांतच उठवत आणि ॲप मात्र तासभर कापत असे, तेही वेगळेच.

अशा मनःस्थितीत १८ जूनचा दिवस आला. दुपारपासून पाऊस होता, वीज गेली आणि ती ६.४८ ला परत आली. ही वेळ मी लिहून ठेवली होती, कारण अंधारामुळे आम्ही हात बांधून बसलो होतो आणि हा वेळ ओटीत धरतील की नाही याची मला काळजी होती. सात वाजून गेल्यावर आम्ही पंच केले. पडद्यावर नावे येत होती, पण वेळेकडे पाहून माझ्या पुढची मुलगी थबकली. तारीख १ जानेवारी २००० अशी होती आणि वेळ ००:१४. सुपरवायझर दादा घरी गेले होते. सुरक्षारक्षक म्हणाले, "चेहरा आला ना, मग हजेरी लागली." दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये ४१ जणांच्या नावापुढे "आउट पंच नाही" असे आले, आणि आउट पंच नाही म्हणजे हाफ डे, ओटी तर नाहीच.

तेव्हा मी या मशीनला पाचपैकी एकसुद्धा तारा दिला नसता. दुरुस्तीचा माणूस यायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत सुपरवायझर दादा रोज सकाळी हाताने वेळ लावत होते. कोणत्या घड्याळावरून, ते तेव्हा कळले. ऑफिसातले भिंतीवरचे घड्याळ लोक वेळेत यावेत म्हणून मुद्दाम पुढे ठेवलेले आहे आणि मशीनची वेळ त्यावरूनच लावली जात होती. मशीनमध्ये नाण्याएवढा एक सेल असतो; वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे एवढेच त्याचे काम. तो संपत आला की वीज गेली रे गेली, मशीन वेळ विसरते. मशीन इंटरनेटला जोडले तर वेळ आपोआप बरोबर राहते, पण तेही जोडलेले नव्हते. पेन ड्राइव्हवर माहिती काढून नेत असत. नवा सेल ४० रुपयांना आला. बिल मी स्वतः पाहिले. ४० रुपयांसाठी महिनोन्‌महिने लोकांचे हाफ डे जात होते, ही गोष्ट मला आजही पचत नाही, आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे असे मशीन असेल त्यांनी आधी या सेलची चौकशी करावी.

माझे मत पहिल्यांदा फिरले ते दुरुस्तीचा माणूस आला त्या दिवशी. दुरुस्ती करणाऱ्या दादांना मी विचारले की १८ तारखेचे आमचे पंच कायमचे गेले का. त्यांनी लॅपटॉपवर मशीनची मूळ नोंद उघडली आणि म्हणाले, "ताई, मशीन काही पुसत नाही. तारीख चुकली असेल, माणूस चुकलेला नाही." पडद्यावर ओळी होत्या: १ जानेवारी २०००, ००:१४, ००:१४, ००:१४, ००:१५, आणि प्रत्येक ओळीपुढे आमचे कार्ड नंबर. मी त्या मोजल्या. ४१ भरल्या. वीज ६.४८ ला आली तेव्हा मशीनचे घड्याळ शून्यावर सुरू झाले, त्यात १४ मिनिटे मिळवली की ७.०२ होतात, आणि माझ्या वहीत त्या दिवशीचा माझा पंच ७.०२ असाच आहे. मला त्या क्षणी फार बरे वाटले.

त्याच नोंदीत दुसरी गोष्ट दिसली. मशीन मिनिटासकट वेळ साठवते आणि ती कधीही पाव तासावर नेत नाही. पुढे नेणे, मागे आणणे, तीन लेट मार्कांचा हाफ डे, जेवणाचा ठरावीक तास हे सगळे ॲपच्या सेटिंगमध्ये असते आणि ते सेटिंग कंत्राटदाराच्या ऑफिसात भरले जाते. येताना पुढे आणि जाताना मागे, हे कुणीतरी निवडून भरलेले होते. इतके दिवस मी मशीनला दोष देत होते आणि सुपरवायझर दादाही "मशीनमधून येते" असे म्हणत होते. बहुधा त्यांनाही तेवढेच सांगितले गेले असावे.

दुसऱ्यांदा मत फिरले ते माझ्या स्वतःच्या हिशेबाबद्दल. वडिलांच्या ओळखीच्या कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्यांना मी वही दाखवली. त्यांनी सहा मिनिटांचे पान बाजूला ठेवले आणि विचारले, "ताई, ओटीचा दर काय लावतात?" मी म्हटले, तासाला ६५, नेहमीचाच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे ओटीला दुप्पट दर द्यावा लागतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मे महिन्यात पूर्ण धरलेली ओटी ४४ तासांची, आणि दर तासाला ६५ रुपये कमी, म्हणजे एका महिन्यात २८६० रुपये. लेट मार्कांचे आणि पाव तासांचे मिळून ६३३ रुपये ७५ पैसे मी पैशापर्यंत मांडत बसले होते, आणि ही रक्कम दर महिन्याला स्लिपवर उघड छापलेली असूनही मला दिसली नव्हती. याचे वाईट वाटते, कारण माझ्या भरवशावर इतर बायकाही सेलच्याच गोष्टी करत होत्या.

हाफ डेच्या नियमाबद्दलही त्यांनी सांगितले. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच असली पाहिजे, हे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून चालत आलेले तत्त्व आहे. दोन मिनिटांच्या उशिराला दोन मिनिटांचेच पैसे कापता येतात. तीन वेळच्या दोन-दोन मिनिटांना चार तास कापणे या तत्त्वात कुठेही बसत नाही.

जुलैमध्ये आम्ही कंत्राटदाराला अर्ज दिला आणि त्याची प्रत मूळ कंपनीला दिली, कारण कंत्राटी कामगारांच्या तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कायद्यातील कलम २१ प्रमाणे कंत्राटदाराने मजुरी पूर्ण दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येत असे. अर्जाला मशीनच्या मूळ नोंदीची छापील प्रत आणि माझ्या वहीची झेरॉक्स जोडली. मूळ कंपनीला प्रत गेल्यावर मात्र आठवड्याभरात हालचाल झाली. १८ जूनचा हाफ डे आणि त्या दिवशीची ओटी ऑगस्टच्या पगारात जमा झाली. सप्टेंबरपासून उशिराला १० मिनिटांची सवलत आली आणि मशीन इंटरनेटला जोडले गेले. ओटीचा दर डिसेंबरच्या स्लिपवर पहिल्यांदा १३० असा दिसला. मागची थकबाकी मात्र "बघू" म्हणून ठेवली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली असून तिच्यात दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, त्यामुळे मुदत संपण्याची भीती दाखवून कुणी आम्हाला गप्प बसवू शकत नाही.

मशीनला आज मी चार तारे देते. एक कापते तो सेल बदलायची वेळ झाल्याची कोणतीही सूचना ते देत नाही म्हणून. ॲपला एकच देते, आणि कामगाराला स्वतःचा पंच मिनिटासकट दिसत नाही तोपर्यंत दुसरा देणार नाही; पाव तासाच्या मापाचे सेटिंग अजून तसेच आहे. पुन्हा एवढ्या महिन्यांनी लिहायची वेळ आली तर मी आधी हेच तपासीन.

१८ जूनच्या ४१ जणांपैकी ३२ जणांचेच पैसे आले. उरलेले नऊजण ऑगस्टच्या आत काम सोडून गेले होते, त्यांतले बहुतेक गावी. कंत्राटदाराचे म्हणणे असे की त्यांनी स्वतः येऊन सही करावी. चारेकशे रुपयांसाठी गाडीभाडे घालून पडघ्याला कोण येणार? त्यांचे कार्ड नंबर आणि ००:१४, ००:१५ या वेळा माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या आहेत. चौघांशी फोनवर बोलणे झाले आहे, पाच जणांचे नंबर बदललेले आहेत. थकबाकीचा दावा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पुढच्या महिन्यात दाखल होईल तेव्हा त्या चौघांची नावे त्यात असतील, आणि उरलेल्या पाच जणांना शोधण्याचे काम चालू आहे.