जुनं एअर पिस्तूल आणि स्टिकरखाली झाकलेली तारीख

पुण्यात नेमबाजी शिकणारी मुलं गेल्या काही वर्षांत भराभर वाढली आहेत. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधून स्वप्नील कुसाळेने नेमबाजीचं पदक आणलं, तेव्हापासून बालेवाडीच्या रेंजवर चौकशीला येणारे पालक जास्त दिसतात. मूल सहा-आठ महिने क्लबच्या पिस्तुलावर नेम धरतं, मग स्वतःचं पिस्तूल हवं असा विषय घरात निघतो. दहा मीटरचं आयात केलेलं चांगलं एअर पिस्तूल नवं घ्यायचं तर दीड-दोन लाखांची तयारी लागते. बहुतेक घरांत तेवढे पैसे नसतात, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. लुबाडणारे नेमके तिथेच उभे असतात.

धायरीच्या एका कुटुंबाचा व्यवहार इथे सविस्तर मांडतो. याच पद्धतीने फसलेली आणखीही घरं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी चूक त्याच दोन-तीन जागी झालेली आहे. मुलगी नववीत. रिकरिंग मोडून ७५ हजार बाजूला काढलेले. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवर स्टायर कंपनीच्या एलपी-१० या एअर पिस्तुलाचे फोटो आले: पेटी, हवेचे दोन सिलिंडर, किंमत ८० हजार. फोनवर विक्रेता अगदी घरच्यासारखा बोलला. "मुलीने दहावीमुळे सोडलं हो. दोनच वर्षं वापरलंय. तुमची लेक खेळणार म्हणताय, तर ७२ ला देतो." दहा हजार टोकन यूपीआयने गेले. भेटायचं ठरलं ते रेंजवर नाही, वारज्यातल्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये. रेंजवर गर्दी असते, असं कारण दिलं. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा १८० बारवर होता (बार हे दाबाचं माप). पुठ्ठ्याच्या खोक्यावर पाच पेलेट, म्हणजे शिशाचे छर्रे, मारून दाखवले, आवाज छान आला. उरलेले ६२ हजार रोख दिले. पावती नाही, बिल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ११० वर. फोन केला तर उत्तर मिळालं, "डिसेंबर आहे काका, थंडीने प्रेशर उतरतं." प्रेशर थंडीने उतरतं हे खरंच आहे, म्हणूनच ही थाप पचली. पण किती उतरतं याचा हिशोब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. दुपारचे २८ अंश आणि पहाटेचे १२ अंश धरले, तर बंद सिलिंडरमधला दाब साधारण पाच टक्क्यांनी कमी होतो. १८० चे १७० होतील, ११० होणार नाहीत. उरलेले साठ बार गळतीने गेले.

गळतीपेक्षा मोठी गोष्ट नंतर कळली. दुसऱ्या सिलिंडरवर काळा गोल स्टिकर होता, नाव लिहायला लावतात तसा. तो काढला तर खाली उत्पादनाचं साल, २००८. पहिल्या सिलिंडरवर तारखेच्या जागी बारीक पॉलिश पेपर मारलेला, तिरप्या उजेडात २०११ वाचता येत होतं. दोन्ही बाद.

सिलिंडरची तारीख हा कागदी नियम नव्हे. या छोट्या नळीत २०० बार दाब भरतात. कारच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, म्हणजे जवळपास ऐंशीपट. प्रत्येक वेळी भरताना धातू किंचित ताणला जातो, रिकामा होताना आखडतो. हजारो वेळा असं झालं की बाहेरून न दिसणारी चीर आत वाढत जाते, आणि आत ओल असेल तर गंज तिला मदत करतो. त्यामुळे उत्पादक मुदत ठरवतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियमही सांगतो की सिलिंडर उत्पादकाच्या मुदतीत असला पाहिजे, आणि ती मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची. ही जबाबदारी खेळाडूची. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्याच्या तपासणीत, तारीख पाहिली आणि सिलिंडर बाद ठरला, तर आयत्या वेळी दुसऱ्याचा मागत फिरावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलीने स्पर्धेच्या सकाळी हे का सोसायचं?

म्हणून पहिला प्रश्न पिस्तूल कुठल्या कंपनीचं हा नाही, सिलिंडर कुठल्या सालचा हा आहे. फोटो मागताना पेटीचा, ग्रिपचा मागू नका. सिलिंडर फिरवून त्याच्यावरचा सगळा मजकूर, महिना-साल आणि नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करतो किंवा अंधुक फोटो पाठवतो, तिथेच विषय संपवा. तीन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर नव्या सिलिंडरची आजची किंमत विचारून ती मागितलेल्या रकमेतून वजा करा. मूळ पिस्तूल नीट जपलं तर वीस वर्षंही चालतं. सिलिंडर मात्र संपणारी वस्तू आहे आणि जुन्या बाजारात लोक तोच संपवून विकायला काढतात.

आता गळती. पार्किंगमधली पाच मिनिटं याला पुरत नाहीत. सिलिंडर २०० बारपर्यंत भरा. भरताना तो गरम होतो, म्हणून अर्धा तास थांबून मगच काटा वाचा. मग पिस्तुलाला जोडून चोवीस तास ठेवा आणि त्याच वेळी, साधारण त्याच तापमानाला पुन्हा वाचा. दोन-चार बारचा फरक गेजमधला समजा. जास्त उतरला तर सिलिंडर सुटा ठेवून हाच प्रयोग करा. सुट्यातही उतरत असेल तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. फक्त जोडल्यावर उतरत असेल तर जोडाची ओ-रिंग (रबरी कडं), सिलिंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर किंवा आतल्या व्हॉल्व्हची बैठक गेली आहे. ओ-रिंग स्वस्त, रेग्युलेटर महाग, त्यामुळे घासाघीस करण्याआधी दोष कुठे आहे हे कळणं गरजेचं आहे. विक्रेता एक रात्र पिस्तूल तुमच्याकडे ठेवायला तयार नसेल, तर ते एखाद्या रेंजच्या कोचकडे ठेवा. प्रामाणिक माणसाला यात अडचण नसते.

रेग्युलेटर खराब असल्याची एक खूण शांतपणे पाहिली तर लगेच सापडते. पिस्तूल दहा मिनिटं तसंच ठेवा आणि मग पहिला पेलेट मारा. तो बाकीच्यांपेक्षा वर लागला, तर रेग्युलेटर दाब रोखत नाही, बसल्या बसल्या पुढे सरकू देतो. वेग मोजायचं यंत्र आता बऱ्याच रेंजवर असतं. मॅच पिस्तुलातून, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलातून, सुटलेल्या पेलेटचा वेग सेकंदाला साधारण दीडशे मीटर असतो आणि चांगल्या स्थितीतल्या पिस्तुलात दहा पेलेटमध्ये दोन-तीन मीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही. आठ-दहाचा फरक दिसला तर दुरुस्ती आहे, मग रंगरूप कितीही नवं असो.

धायरीच्या त्या पिस्तुलाचा ट्रिगरही बिघडलेला होता. नियमाने एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. तपासणीत नळी उभी धरतात, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि ते जमिनीवरून उचलतात. तीन प्रयत्नांत ट्रिगर न सुटता वजन उचललं गेलं पाहिजे. इथे ट्रिगर प्रत्येक वेळी सुटत होता. स्क्रू आवळून ट्रिगर जड करायला गेलं, तर बोटाला थांबा जाणवून देणारा दुसरा टप्पाच हरवायचा. आतली धार झिजलेली होती. हे वजन जवळजवळ प्रत्येक कोचकडे असतं, ते आणायला लावा आणि तीनदा उचलून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

ग्रिपकडे तर कुणी पाहतच नाही. लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशी मापाने येते, डावी-उजवी वेगळी. आधीच्या मालकाने कानशीने घासून किंवा लांबी-पुट्टी लावून ती आपल्या हाताला बसवलेली असते. मोठ्या पुरुषाच्या हाताची ग्रिप नववीतल्या मुलीला बसत नाही. मनगट वळतं, नेम एका बाजूला ओढला जातो, आणि दोष मुलीच्या तंत्राला दिला जातो. नवी ग्रिप घ्यायची तर खर्च बराच, म्हणून तोही आधीच हिशोबात धरा. त्या कुटुंबाला दोन सिलिंडर, सील, ट्रिगरचं काम आणि लहान ग्रिप असा जो अंदाज मिळाला, तो मूळ ७२ हजारांच्या जवळ गेला. सगळं मिळून जवळपास नव्याचीच किंमत.

नेमाची परीक्षा खोक्यावर होत नाही. पिस्तूल वाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) किंवा निदान वाळूच्या पिशवीवर नीट टेकवून दहा मीटरवरून मॅच पेलेटचे पाच-पाचचे तीन गट मारा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. वाइसमधून मारलेले पाच पेलेट त्याच्या आत आरामात बसले पाहिजेत. नाही बसले तर आधी पेलेट बदला, कारण ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा पेलेटच्या डोक्याच्या मापांत फरक पडतो. तरीही पसरले तर नळीच्या तोंडाची कड पाहा. लोखंडी सळईने साफ केलेल्या नळीच्या कडेला आणि आतल्या आट्यांना (पेलेटला फिरकी देणाऱ्या खाचांना) ओरखडे पडतात, आणि याला दुरुस्ती नाही. नव्या पिस्तुलासोबत बहुतेक कंपन्या चाचणीचं छोटं कार्ड देतात, त्यावर पिस्तुलाचा नंबर असतो. विक्रेत्याकडे ते असेल तर नंबर जुळवा. पेटी एका पिस्तुलाची, आत दुसरं, हाही प्रकार चालतो.

जुन्या कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलांबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण इथे जिवाशी गाठ आहे. एके काळी मॅच पिस्तुलं त्या वायूवर चालत. त्याचा दाब वीस अंशांना सुमारे ५७ बार असतो. असं पिस्तूल "हवेचंच आहे" म्हणून स्वस्तात गळ्यात मारतात. कसाबसा अॅडॉप्टर लावून त्यात २०० बार हवा भरणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं. तसंच ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून भरून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा. आतल्या ग्रीसला दाबाखालचा ऑक्सिजन लागला की पेट घेतो. स्वच्छ, कोरडी हवा एवढंच भरायचं. पावसाळ्यात हातपंपाने भरणाऱ्यांनी पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावलाच पाहिजे. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधली दमट हवा तशीच आत गेली तर सिलिंडर आतून गंजतो.

पैसे कमी असतील तर माझं मत स्पष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं जुनं पिस्तूल पहिल्यांदा घेऊ नका. ट्रिगर सुंदर असतो, पण सर्किट बिघडलं तर भाग परदेशातून येईपर्यंत मूल बसून राहतं. टोकियोत २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलाने पात्रता फेरीच्या मधेच दगा दिला आणि मोलाची मिनिटं गेली. तिच्यासोबत सगळी व्यवस्था होती, आपल्या घरी नसते. यांत्रिक ट्रिगरचं साधं पिस्तूल घ्या. स्टायरचं एलपी-२ किंवा हॅमर्लीचं एपी-२० अशी नावं बजेटात बसू शकतात, अर्थात तारीख पाहूनच. बायकलचं आयझेडएच-४६ एम हे एका दाबाचं पिस्तूल सिलिंडरशिवाय चालतं, त्यामुळे मुदतीचा प्रश्नच नाही आणि नेमाला ते चोख आहे. पण प्रत्येक पेलेटला लिव्हर जोराने दाबावी लागते. मॅच ६० शॉटची. बारीक हाताच्या मुलाला चाळिसाव्या शॉटनंतर थकवा जाणवतो, सतरा-अठरा वर्षांच्याला चालतं. यातलं काहीच जमत नसेल तर क्लबचंच पिस्तूल आणखी एक वर्ष वापरा, मात्र रोज तेच एक मागून घ्या. यात कमीपणा काही नाही.

परवान्याच्या नावाने पैसे काढणारेही आहेत. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट दीडशेच्या वेगाने गेला तर ऊर्जा सहा ज्यूलच्याही आत राहते. "परवाना काढून देतो, पाच हजार द्या" म्हणणारा तुम्हाला न लागणारी वस्तू विकतो आहे. बिल, ओळखपत्राची प्रत आणि नंबर लिहिलेली विक्रीची चिठ्ठी मात्र जपून ठेवा. "सवलतीत आलेलं आहे, म्हणून बिल नाही" हेही ऐकू नका. नामांकित खेळाडूला मिळालेली आयात सवलत त्याच्या स्वतःच्या वापरासाठी असते. आणि खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी, स्टीलच्या गोळ्या मारणारी खेळणी "ट्रेनिंग पिस्तूल" म्हणून विकतात. त्यांच्या नळीत आटे नसतात, स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि रस्त्यात हातात दिसली तर पोलिस थांबवणारच.

पिस्तूल न दाखवताच लुटणारी टोळी वेगळी. खडकी, दक्षिण कमांड, एनडीए यांमुळे पुण्यात लष्करी माणसावर चटकन विश्वास बसतो, आणि त्याचाच वापर होतो. "मेजर आहे, बदली झाली, म्हणून सामान काढतोय", सोबत ओळखपत्राचा फोटो. मग क्यूआर कोड येतो आणि तो स्कॅन केला की टोकन परत मिळेल असं सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात ती रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. समोरासमोर फसवलं असेल तर ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार देता येते. त्यासाठी मूळ जाहिरात, चॅट, यूपीआयचा व्यवहार आणि स्टिकर काढण्याआधीचा-नंतरचा फोटो लागतो. म्हणून राग आला तरी चॅट पुसू नका.

मुदत संपलेला सिलिंडर घरात शिल्लक असेल तर तो "असू दे" म्हणून कपाटात ठेवू नका आणि भंगारातही देऊ नका. रेंजवरच्या माहीतगार माणसाकडून हवा पूर्ण काढून घ्या, व्हॉल्व्ह सोडवा आणि करवतीने त्याचे दोन तुकडे करा. धायरीतल्या त्या घराने दोन्ही सिलिंडरचे फोटो काढून तक्रारीला जोडले आहेत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते पुरावा म्हणून रिकामे ठेवलेत, त्यानंतर तेही कापायचे आहेत.